साक्षीदाराचा दिवस कोणाच्या खर्चाने?

रांजणगावची एमआयडीसी उभी राहिली, कुरकुंभची उभी राहिली आणि शिरूर-दौंड पट्ट्यात खोल्या बांधून भाड्याने देणे हा शेतीचा जोडधंदा होऊन गेला. कारेगाव, शिक्रापूर, सणसवाडी, पाटस, कुरकुंभ, कुठेही जा; रस्त्यापासून चार पावलांवर ओळीने खोल्या दिसतात. त्याच्या कितीतरी आधीपासून शिरूरच्या पेठेत आणि दौंड स्टेशनच्या आसपास जुने गाळे, जुने वाडे आणि त्यांतले पिढीजात भाडेकरू आहेतच. भाड्याचे व्यवहार वाढले की वाद वाढतात. वाद कोर्टात गेला की घरमालकाला शेजारी आठवतो. "अण्णा, तुम्ही रोज बघताच. फक्त एवढंच सांगायचं कोर्टात, की गाळा आठ महिने बंद आहे."

अण्णा जातात. एकदा जातात, साहेब रजेवर असतात. दुसऱ्यांदा जातात, समोरचे वकील मुदत मागतात. तिसऱ्यांदा साक्ष होते, पण उलटतपासणी राहते. पुढे कधीतरी निकाल लागतो, गाळा मोकळा होतो, त्याला दुप्पट भाडे येऊ लागते. मग अण्णांच्या घरात जेवताना विषय निघतो: एवढे हेलपाटे घातले, आपल्याला काही मिळायला नको का?

हा प्रश्न विचारायला लोक लाजतात. विचारला तर लोभी ठरू असे वाटते, नाही विचारला तर मन खात राहते. मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. त्याचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही, कारण घरमालकाला कोर्टात मदत करणे हे एक काम नसून त्यात निदान तीन वेगळी कामे मिसळलेली असतात. एक, साक्ष देणे. दुसरे, धावपळ करणे. म्हणजे उतारे काढणे, नोटिसा पोचवणे, वकिलाकडे बसणे, तारखा सांभाळणे. तिसरे, दाव्यात पैसा घालणे. या तिघांना कायदा तीन वेगवेगळ्या नजरांनी पाहतो, आणि माझ्या मते लोकरीतीनेही तसेच पाहायला हवे.

साक्षीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत.

दिवाणी दाव्यात साक्षीदाराला कोर्टाचे समन्स निघते. या समन्सचा नमुना दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या परिशिष्टात छापलेला आहे आणि तो प्रत्येकाने एकदा तरी वाचावा असा आहे. अमुक तारखेला अमुक वाजता हजर राहा, हे त्यात असतेच. त्याच्यापुढे एक ओळ असते: तुमच्या प्रवासाचा व इतर खर्च आणि एक दिवसाचा निर्वाहभत्ता म्हणून अमुक रुपये यासोबत पाठवले आहेत. खाली टीप असते, की त्या दिवसापलीकडे थांबवून घेतले तर पुढच्या प्रत्येक दिवसाच्या हजेरीसाठी अमुक रक्कम दिली जाईल. म्हणजे साक्षीदाराचा खर्च ही कोणाच्या मर्जीची बाब नाही. बोलावण्याच्या कागदावरच ती रक्कम लिहायची आहे.

संहितेच्या आदेश १६ मध्ये या भत्त्याची सगळी व्यवस्था आहे. समन्स मागणाऱ्या पक्षाने, म्हणजे आपल्या उदाहरणात घरमालकाने, आधी कोर्टात पैसे भरायचे. कोर्टाच्या भाषेत याला भत्ता आणि प्रोसेस फी भरणे म्हणतात. बेलीफ समन्स घेऊन येतो तेव्हा शक्य असेल तर ते पैसे त्याने साक्षीदारापुढे ठेवायचे. रक्कम अपुरी आहे असे कोर्टाला दिसले तर आणखी पैसे भरण्याचा आदेश देता येतो. तो पाळला नाही तर बोलावणाऱ्याची जंगम मालमत्ता जप्त करून विकण्याचा आदेश निघू शकतो, किंवा साक्षीदाराला साक्ष न घेताच मोकळे करता येते. एका दिवसापेक्षा जास्त थांबवले तरी हाच नियम. जाणकार म्हणून जो येतो, उदाहरणार्थ बांधकामाची पाहणी केलेला अभियंता, त्याच्या बाबतीत तर त्याने साक्षीसाठी आणि त्या आधीच्या कामासाठी दिलेल्या वेळेचा मोबदलाही कोर्ट ठरवू शकते. शेजारच्या अण्णांना मोबदला नाही, खर्च आहे. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

एवढे सगळे कागदावर असताना अण्णांच्या हाती काहीच का पडत नाही? कारण बहुतेक वेळा अण्णांच्या नावाने समन्स निघतच नाही. संहितेत १९७६ साली अशी सोय झाली, की पक्षकाराने समन्स न काढता स्वतःच साक्षीदार आणून उभा केला तरी चालेल. पुढे २००२ पासून सरतपासणीही शपथपत्रावर होऊ लागली. दोन्ही बदल कामे लवकर व्हावीत म्हणून झाले आणि ते चांगलेच आहेत. पण त्यांचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखवत नाही. वकील सांगतात, समन्सच्या भानगडीत कशाला पडता, साक्षीदार घेऊन या. मालक स्वतःच्या गाडीतून अण्णांना आणतो, वकिलाच्या टेबलाशी शपथपत्रावर सही होते, दुपारी कोर्टासमोर मिसळ खाऊ घालतो आणि संध्याकाळी घरी सोडतो. भत्ता भरलेला नसतो, पावती नसते, कसलीच नोंद नसते. अण्णांचा खर्च कोर्टाच्या हिशेबातून निघून मालकाच्या उपकारात जमा होतो.

आणि मग उलटतपासणीत नेमके तेच बाहेर येते. "आज कोर्टात कोणाबरोबर आलात?" "मालकाबरोबर." "कोणाच्या गाडीतून?" "त्यांच्याच." "चहापाण्याचा खर्च कोणी केला?" खरे बोलणारा माणूसही इथे अडखळतो. जबाबाच्या शेवटी ते ठरलेले वाक्य येते, जे महाराष्ट्रातल्या हजारो जबाबांच्या शेवटी टंकलेले सापडेल: हे म्हणणे खरे नाही की, मी वादीच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे. समन्सवरून आलेल्या, कोर्टात भरलेला भत्ता घेतलेल्या माणसाला हेच वाक्य ताठ मानेने म्हणता येते. मालकाच्या गाडीतून उतरलेल्याला ते म्हणताना बळ कमी पडते, मग तो कितीही खरा असो.

म्हणून राजीखुशीने साक्ष द्यायला तयार असलेल्या माणसानेही समन्स मागून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. समन्स म्हणजे आपल्यावर अविश्वास, असे शेजाऱ्याला वाटते. खरे तर समन्स त्याच्याच संरक्षणाला असते. कंपनीत असेल तर सुपरवायझरला दाखवायला कागद मिळतो, सरकारी नोकरीत असेल तर रजेचा प्रश्न सुटतो, आणि भाडेकरूकडच्या लोकांनी "तू का गेलास तिकडे?" म्हणून अडवले तर "कोर्टाने बोलावले" हे उत्तर खरे असते. समन्स टाळले तर कलम ३२ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही त्या उत्तरामागे उभे असते. शेजारीपाजारी राहणाऱ्यांच्या गावात या उत्तराची किंमत मोठी आहे. साक्षीदार संरक्षणाची २०१८ ची योजना सर्वोच्च न्यायालयाने महेंद्र चावला प्रकरणात मान्य केली, पण ती गंभीर फौजदारी गुन्ह्यांतल्या साक्षीदारांसाठी आहे. गाळ्याच्या दाव्यातल्या अण्णांना तिचा उपयोग नाही.

खर्च म्हणजे किती, हे बघायचे तर आधी या दोन तालुक्यांचा नकाशा बघावा. कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यात आहे. तिथल्या माणसाला पुणे जवळ पडते आणि तालुक्याचे कोर्ट त्याहून लांब. राहू, पारगावकडून दौंडला किंवा टाकळी हाजी, कवठे येमाईकडून शिरूरला यायचे म्हणजे सकाळची एसटी धरायची, अकराच्या आत पोचायचे आणि नाव पुकारले जाईपर्यंत व्हरांड्यात बसायचे. परतीची गाडी वेळेत मिळाली तर दिवेलागणीला घर. त्या दिवशी चासकमान किंवा खडकवासल्याच्या कालव्याच्या पाण्याची पाळी आली असेल तर ती दुसऱ्याच्या शेतात जाते; कांदा काढणीला आलेला असेल तर मजूर बांधावर बसून राहतात. रांजणगावच्या कंत्राटी कामगाराचा तर दिवसाचा पगारच कापला जातो. हे नुकसान खरे आहे, मोजता येण्यासारखे आहे, आणि ते भरून मागण्यात कमीपणा नाही. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. मातीकाम करणाऱ्याच्या दिवसाला सरकार एवढी किंमत देते, तर न्यायालयाच्या कामासाठी दिलेल्या दिवसाची किंमत त्याहून कमी धरायला काही आधार नाही.

फौजदारी खटल्यात हा खर्च राज्याने द्यायचा असतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तशी तरतूद होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. तिथले चित्र काय आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्वरण सिंग प्रकरणात कठोर शब्दांत सांगितले. साक्षीदाराला लांबून यायला लावतात, तारखेमागून तारीख देतात, बसायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, धड भत्ताही मिळत नाही. मग लोक साक्षीला का यावेत, असा त्या निरीक्षणांचा मथितार्थ होता. राज्य पैसे देणार असलेल्या ठिकाणी ही स्थिती, तर घरमालकाने पैसे द्यायच्या दिवाणी दाव्यात कोण विचारतो?

आता दुसरी बाजू. खर्च मागणे रास्त असले तरी साक्षीची किंमत मागणे रास्त नाही, आणि या दोहोंमधली रेघ पुसट होऊ देता कामा नये. मालकाने "निकाल आपल्या बाजूने लागला की तुम्हाला पन्नास हजार" असे म्हटले आणि अण्णांनी मान हलवली, तर त्या क्षणी अण्णांची साक्ष नासली, मग त्यांनी पुढे शब्दन् शब्द खरा सांगितला तरी. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १५५ मध्ये आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही साक्षीदाराची विश्वासार्हता खोडून काढण्याचे जे मार्ग दिले आहेत, त्यांत त्याने लाच घेतली किंवा लाच देऊ केलेली मान्य केली हे दाखवणे हा एक आहे. घेतलेलीच असावी लागते असे नाही, कबूल केली असली तरी पुरे. असा करार भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ खाली सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून रद्द ठरतो. त्यामुळे मालकाने पुढे शब्द फिरवला तर त्या पैशासाठी दावाही लावता येत नाही. आणि पैशासाठी खोटे सांगितले असेल तर भारतीय न्याय संहितेत न्यायालयीन कामातल्या खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. निकालावर अवलंबून असलेला प्रत्येक रुपया साक्षीदाराने नाकारावा. हरला तरी भत्ता तेवढाच आणि जिंकला तरी तेवढाच, हीच त्याच्या खरेपणाची खूण.

या बाबतीत शिरूर आणि जुन्या भीमथडी तालुक्याला इतिहासाचा एक धडा आहे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात काळूराम नावाच्या सावकाराने सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जापोटी बाबासाहेब देशमुखांविरुद्ध कोर्टातून घर ताब्यात घेण्याचा हुकूमनामा मिळवला. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हावी, पाणके, घरकाम करणारे कोणीच त्यांच्याकडे जाईना. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ ला, तेव्हा भीमथडी तालुक्यात असलेल्या सुप्याच्या बाजारात दंगा पेटला आणि पुणे-अहमदनगर भागात पसरला. लोकांनी सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या कागदांवर धाड घातली. खते, रोखे, हुकूमनामे ओढून काढले आणि जाळले. कागद एकाच्या ताब्यात, लिहिणारा त्याचाच, आणि ज्याच्यावर दावा तो कोर्टात पोचायच्या आत एकतर्फी निकाल, असे ते दुखणे होते.

त्यावर उपाय म्हणून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्यात कोर्टाला व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासायला सांगितले, एरवी समोर न येणाऱ्या प्रतिवादीला साक्षीदार म्हणून तपासायला सांगितले, आणि शेतकऱ्यांचे दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर करण्याची सक्ती केली. या तिन्ही तरतुदींमागे एकच विचार दिसतो: खरे काय ते ऐकायचे तर ते बलवान पक्षाच्या मुठीबाहेर ऐकले पाहिजे. आजच्या घरमालकाची आणि त्या काळच्या सावकाराची बरोबरी मी करत नाही. पुष्कळ घरमालक निवृत्तीच्या पैशातून चार खोल्या बांधलेले साधे लोक आहेत. तरीही भाडेकरूच्या तुलनेत मालक गावातला असतो, त्याला माणसे असतात. आणि बिहारहून किंवा मराठवाड्यातून आलेल्या कामगाराच्या बाजूने बोलायला शेजारचा कामगारच असतो, ज्याची स्वतःची खोलीही त्याच मालकाची असते. अशा ठिकाणी मालकाच्या साक्षीदाराला मालकाच्या खिशातून गुपचूप पैसे मिळू लागले तर तोल कुठे झुकेल, हे सांगायला नको.

भाडेकरूच्या बाजूचा विचार अशा चर्चेत सहसा राहून जातो, म्हणून इथेच एक गोष्ट नोंदवतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, औद्योगिक कामगारांना आणि उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांना मोफत कायदेशीर मदत आहे. त्यात वकिलाबरोबर कोर्ट फी, प्रोसेस फी आणि दाव्याचा इतर खर्चही येतो. तालुका विधी सेवा समितीकडे त्यासाठी अर्ज करायचा. आपल्या साक्षीदाराचा भत्ता भरायला पैसे नाहीत म्हणून गप्प बसणाऱ्या भाडेकरूला हे कोणीतरी सांगायला हवे.

साक्षीदाराची गरज मुळात पडते कशाने, हेही पाहू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्याच्या अनुसूचीतल्या शहरांना तो लागू होतो. त्याच्या कलम १६ मधली ताबा मागण्याची कारणे वाचली तर लक्षात येते, की त्यातली बरीच कारणे शेजाऱ्याच्या डोळ्यांवर उभी आहेत. दाव्याच्या आधी सलग सहा महिने जागा सबळ कारणाशिवाय वापरात नव्हती, भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवला, शेजाऱ्यांना उपद्रव दिला. हे सिद्ध करायला मालकाचा एकट्याचा शब्द पुरत नाही. भाडे थकल्याचे कारण मात्र कागदावर चालते: मागणीची नोटीस आणि त्यानंतरची ९० दिवसांची मुदत. त्याच अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणी नसेल तर करारातल्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अनुसूचीबाहेरच्या गावांत मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ ची वाट धरावी लागते आणि तिथे कलम १०६ ची १५ दिवसांची नोटीस कोणी, कधी, कोणासमोर दिली यावर साक्षी होतात. नोंदणीचे चार पैसे वाचवणारा मालक पुढे शेजाऱ्याचे चार दिवस खर्ची घालतो, असे अनेक दाव्यांत दिसते.

साक्षीपाठोपाठ धावपळ येते. इथे नियम वेगळा आहे आणि बराच उदार आहे. मालक पुण्यात किंवा परदेशात आहे, गावातला एखादा माणूस त्याच्यासाठी नगरपरिषदेतून कर आकारणीचे उतारे काढतो, भूमी अभिलेखच्या मोजणीला उभा राहतो, वकिलाला कागद पोचवतो, दर तारखेला जाऊन पुढची तारीख कळवतो. हे काम आहे. कामाचा मेहनताना घेण्यात कायद्याची काही आडकाठी नाही. फक्त तो केव्हा मिळतो, ते समजून घ्यावे. आधी ठरले असेल तर प्रश्नच नाही. आधी ठरले नव्हते, पण काम झाल्यावर मालक म्हणाला, "तुम्ही एवढे केलेत, मी तुम्हाला वीस हजार देईन," तर करार अधिनियमाच्या कलम २५ प्रमाणे तो शब्द बांधील आहे. त्या कलमाखाली पैशाचे पाकीट सापडवून देणाऱ्याला पन्नास रुपये कबूल केल्याचे उदाहरणच दिले आहे. काहीच ठरले नव्हते, कोणी काही कबूलही केले नाही, तर कलम ७० उरते: एखाद्याने कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा इरादा नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. सगळी मेख मधल्या अटीत आहे. "शेजारधर्म म्हणून करतो," असे म्हणत दोन वर्षे फिरायचे आणि निकालानंतर बिल पाठवायचे, हे कायद्यालाही पटत नाही आणि मलाही पटत नाही. अपेक्षा असेल तर पहिल्या दिवशी बोलून दाखवावी. नसेल तर शेवटपर्यंत नसावी.

कुलमुखत्यार म्हणून काम करणाऱ्याचे आणखी एक. मुखत्यारपत्र असले म्हणजे मालकाच्या वतीने सगळेच बोलता येते असे नाही. मालकाच्या स्वतःच्या माहितीतल्या गोष्टींवर मुखत्याराची साक्ष चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानकी भोजवानी प्रकरणात सांगितले. पुढे २०१० च्या मान कौर निकालात त्याला थोडी सूट मिळाली: परदेशातल्या मुलाचा सगळा कारभार बघणारे आईवडील किंवा म्हाताऱ्या आईचा कारभार बघणारा मुलगा, अशा जवळच्या माणसाची साक्ष जागेच्या खऱ्या गरजेबाबतही ग्राह्य धरता येईल. पगारी मुखत्याराला ही सूट सहज मिळणार नाही. त्यामुळे मेहनताना घेणारा आणि साक्ष देणारा हे दोघे शक्यतो वेगळे असावेत. एकाच माणसाने दोन्ही केले तर त्याच्या मेहनतान्यावर साक्षीचा संशय येतो.

तिसरा प्रकार दाव्यात पैसा घालण्याचा. रस्ते, कारखाने आणि प्लॉटिंगमुळे जमिनीला भाव आला, तसा "दावा मी लढवतो, निघाले तर निम्मे माझे" म्हणणारा माणूसही गावोगाव उभा राहिला. इंग्लंडमधला याविरुद्धचा जुना कायदा भारतात तसाच लागू नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७६ मध्येच ठरवले होते. मात्र करार लुबाडणुकीचा असेल तर तो मानू नये, हेही त्याच निकालात आहे. वकिलाला अशी भागीदारी पूर्ण बंद आहे. निकालावर अवलंबून फी ठरवली म्हणून एका ज्येष्ठ वकिलावर झालेली कारवाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९५४ मध्ये न्यायालयाने वकिलाबाबत ती चूकच मानली. वकील नसलेल्याला मनाई नाही, म्हणून हा धंदा चालतो. माझे मत विचाराल तर गरजू मालकाने असा हात धरण्यापूर्वी तो लेखी, नोंदणीकृत आणि मर्यादित करून घ्यावा. आणि पैसा घालणाऱ्याने त्याच दाव्यात साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभे राहू नये. आजवर कुठल्याच कोर्टाने अशा साक्षीला फार वजन दिलेले नसेल तर त्यात आश्चर्य नाही.

मालकांच्या मनात एक शंका असते, की भत्ता भरला तर तो गेला. तसे नाही. कोर्टात भरलेला साक्षीदाराचा खर्च दाव्याच्या खर्चाच्या तक्त्यात धरला जातो आणि खर्चासह निकाल लागला तर तो हरणाऱ्याकडून वसूल होतो. सेलम बार असोसिएशनच्या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खर्च प्रत्यक्ष झालेल्या वाजवी खर्चाइतका असावा, त्यात वेळ, प्रवास आणि राहण्याचा खर्चही यावा, असे म्हटले आहे. गाडीतून आणलेल्या, मिसळ खाऊ घातलेल्या साक्षीदाराचा खर्च मात्र मालकाला कधीच परत मिळत नाही, कारण त्याची नोंदच नाही. रीतसर भत्ता भरण्यात साक्षीदाराचा फायदा आहे, तसा मालकाचाही आहे.

तरी सगळा भार पक्षकारांवर टाकून चालणार नाही. भत्त्याचा दर वाजवी असावा, तो दरवर्षी मजुरीच्या दराबरोबर वाढावा, आणि साक्ष झाल्या दिवशीच साक्षीदाराच्या बँक खात्यात जमा व्हावा, एवढे तर आज सहज करता येण्यासारखे आहे. समन्स आता मोबाइलवरही पोचते, मग भत्ता का पोचू नये? साक्षीदार आला आणि साक्ष झाली नाही, तर त्या दिवसाचा भत्ता ज्याने मुदत मागितली त्याच्याकडून घ्यावा. रोजनाम्यात कोणी मुदत मागितली ते लिहिलेले असतेच; त्याच ओळीत भत्त्याचा आदेश लिहायला वेळ लागत नाही. काही न्यायाधीश तसे करतातही. ते सर्वांनी करावे.

शिरूर आणि दौंडच्या वकील संघटनांना माझी विनंती आहे, की साक्षीदार "घेऊन येण्याची" सवय सोडून त्याला समन्स काढण्याची आणि भत्ता भरण्याची सवय आपल्या पक्षकारांना लावावी. घरमालकांना विनंती, की ज्याच्या डोळ्यांच्या भरवशावर तुम्ही दावा लावता, त्याचा दिवस फुकट समजू नका. आणि वाचकहो, उद्या तुमच्या दारात बेलीफ समन्स घेऊन आला तर भत्त्याची जागा कोरी आहे का ते आधी बघा. कोरी असेल तर सही करताना तसे लिहा, आणि पिंजऱ्यात शपथ घेण्यापूर्वी न्यायाधीशांना नम्रपणे सांगा. तो तुमचा हक्क आहे. त्यापलीकडचा एक रुपयाही घेऊ नका.